वकिलाची फी आणि अशिलाचे दप्तर

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, हाताखाली एखादा कारकून आणि फार तर एक कनिष्ठ ठेवून, स्वतःच दाव्याचा मसुदा करणारा, स्वतःच उलटतपास घेणारा आणि सायंकाळी दुसऱ्या दिवसाचा बोर्ड स्वतःच रोजनिशीत उतरवून घेणारा जो एकटा वकील असतो, त्याच्या व्यवसायाविषयी रूढ झालेल्या ग्रहांपैकी बहुतेकांचे मूळ पैशाच्या व्यवहारात आहे. आणि नवल असे की, यांतील काही ग्रह अशिलांइतकेच सनद नुकतीच हाती पडलेल्या तरुण वकिलांनीही जतन केलेले असतात.

‘जिंकून द्या, मग त्यातून तुमचे घ्या’ हे बोलणे भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या किंवा मोटार अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणांत इतक्या सहजतेने कानी येते, की तो एखादा मान्य रिवाजच असावा असे वाटते. वस्तुतः अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवण्यास आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास स्पष्ट मज्जाव केला आहे. हा दंडक त्या अधिनियमाहूनही जुना आहे. १९५४ साली वसुलीत हिस्सा ठरवून घेणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने मोठा मार्मिक भेद केला: असा करार दोन सामान्य माणसांत झाला, तर आपल्या देशात तो केवळ तेवढ्याच कारणाने बेकायदा ठरत नाही, परंतु तोच वकिलाने आपल्या अशिलाशी केला, तर ते व्यावसायिक गैरवर्तन होय. डिक्रीच्या रकमेत ज्याचा स्वतःचा वाटा आहे, त्याने तडजोडीचा सल्ला निःस्पृहपणे द्यावा ही अपेक्षा कशी करावी?

दुसरा ग्रह खास वकिलांचा. फी थकली की फाईल अडवून धरावी, हा आपला हक्कच आहे, असे पुष्कळांस मनापासून वाटते. आता दिवाणी दप्तरात असते काय? मूळ खरेदीखत, सातबाराचे जुने उतारे, फेरफाराच्या नकला, एखादे पिवळे पडलेले वाटणीपत्र. म्हणजे ज्यांच्यावाचून दुसरा वकील एक पाऊल टाकू शकणार नाही, असेच कागद. मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेच्या एका विधिसल्लागाराने सत्त्याण्णव हजारांहून अधिक फी येणे आहे या सबबीवर बँकेच्या फायली परत देण्यास नकार दिला, तेव्हा बार कौन्सिलने त्यास अठरा महिने वकिलीस बंदी केली आणि एक हजार रुपये दंड केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००० साली न्यायालयाने निर्णय दिला की, विकता येण्यासारखा ‘माल’ रोखून धरण्याचा जो अधिकार करार अधिनियमाने दिला आहे, तो खटल्याच्या कागदांस लागू पडत नाही, कारण त्यांना बाजारात किंमत नाही. शिक्षा मात्र, या प्रश्नावर तोवर अधिकृत निवाडा नव्हता म्हणून, समज देण्यापुरती सौम्य केली.

याच ग्रहाचे धाकटे भावंड म्हणजे ‘नाहरकती’ची भीती. जुन्या वकिलाने संमती दिल्याशिवाय नवा वकील देताच येत नाही, अशा समजुतीने कित्येक अशील वर्षानुवर्षे मनाविरुद्ध एकाच दारी बसून राहतात. संमती मागावी हे खरे. ती मिळाली नाही, तर नव्या वकिलाने कारण नमूद करून न्यायालयाची परवानगी घ्यावी, अशी तरतूद नियमांतच आहे. उलटपक्षी, वकिलालाही मध्येच अंग काढून घेता येत नाही. दिवाणी वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीवाचून संपत नाही, आणि महाराष्ट्रात ‘नो इन्स्ट्रक्शन’ची पुरसीस देण्यापूर्वी अशिलास निदान सात दिवस अगोदर लेखी सूचना द्यावी लागते. ती न देता, तारखेच्या दिवशी घाईघाईने खरडलेली पुरसीस निशाणीस लावून मोकळे होण्याची चाल दिसते खरी, पण ती नियमास धरून नाही.

हिशेबाविषयीचे अज्ञान तर दोन्हीकडे सारखेच. कोर्ट फीचा मुद्रांक, समन्सचा खर्च, नकलांचे पैसे आणि वकिलाची फी ही सारी अशिलाच्या मनात एकाच थैलीत पडलेली असतात. त्यामुळे निर्वाहाच्या वा घटस्फोटाच्या प्रकरणात स्त्री पक्षकारास १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे हे कळले, की ‘मग तुम्ही पैसे कसले घेता?’ असा प्रश्न येतो. नियमांची मांडणी याहून काटेकोर आहे. घेतलेली रक्कम फी म्हणून की खर्चासाठी, हे जमा करतानाच लिहावे लागते. काम चालू असता खर्चाची रक्कम अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाही. आणि अशिलाने मागितल्यास हिशेबाची नकल द्यावीच लागते. एकट्या वकिलापाशी फडणीस नसतो, हे कारण कोणी ऐकून घेत नाही. माझ्या मते पक्षकाराशी होणाऱ्या दहा तंट्यांपैकी नऊ एका स्वच्छ लिहिलेल्या पावतीपुस्तकाने मिटले असते.

जाहिरातीचे थोडक्यात. बेताच्या आकाराची पाटी चालते; २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, पात्रता आणि कामाचे क्षेत्र देण्यासही मुभा आहे; अशील गाठून आणण्यासाठी माणूस फिरवणे मात्र आजही निषिद्ध आहे.

शेवटी ग्राहक न्यायालयाची धमकी. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले, आणि त्यावरून वकील आता कोणासही जबाबदार राहिला नाही, असा नवाच ग्रह पसरू लागला. ते खरे नव्हे. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ अन्वये राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करण्याचा मार्ग खुला आहे, आणि हयगयीने झालेल्या नुकसानीसाठी दिवाणी दावाही लावता येतो. फी बुडालेल्या वकिलासही, कागद परत दिल्यावर, हाच दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो: तीन वर्षांच्या मुदतीत, आणि इतर कोणाही वादीप्रमाणे पुरती कोर्ट फी भरून.