ऊन चढायच्या आत

पहाटे ५.०० मार्च महिना. सायवनच्या पाड्यावर अजून काळोख आहे. काका अंगणात बसून कोयत्याला धार लावताहेत. दगडावर थोडं पाणी, चिमूटभर वाळू. पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून बघतात. घसरलं, की पुन्हा घासतात. "धार नसली तर चीर बुजते. मग रस नाय येत," ते सांगतात. कमरेला दोर, दोराला लाकडी आकडी, आकडीत कोयता. रिकामी मडकी काल गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेली. आजची ताडी गोड निघणार की नाही, हे निम्मं तिथंच ठरतं.

५.४५ पहिला ताड. बुंध्याला उभा बांबू बांधलेला आहे. बांबूच्या पेरांवरच्या फांद्यांची खुंटं मुद्दाम ठेवलीत. त्यांच्यावर पाऊल देत काका चढतात. खालून नुसता दोर हलताना दिसतो. हे नर झाड. त्याला जाड बोटांसारखे तुरे येतात. ते एकत्र बांधायचे, टोकाची पातळ चकती कापायची, खाली मडकं अडकवायचं. रात्रभर थेंब पडत राहतात. दोर झिजला की नवा घ्यावा लागतो. त्यात काटकसर करायची नाही, असं काकांच्या वडिलांनी बजावलं होतं.

६.३० पाच झाडं झाली. पाच वेळा चढणं, पाच वेळा उतरणं. भरलेलं मडकं दोरानं हळूच खाली येतं. काकू फडक्यातून रस गाळतात. फडक्यावर मुंग्या, दोन मधमाश्या, फुलोऱ्याचा भुसा. सगळी मिळून बारा लिटर. एका मडक्याला आतून चुना लावलेला आहे. चुन्यानं रस आंबत नाही. ती नीरा, नातवंडांसाठी.

७.१५ गिऱ्हाइकं यायला लागतात. पहिली येते एक आजी, स्टीलचा डबा घेऊन. "गोडच दे, पोरा. कालची मिसळू नको." काका मडक्यांवरून नजर फिरवतात. एकात रस दुधासारखा पांढरा झालाय, कडेला फेस धरलाय. ते बाजूला. दुसरं कानाशी नेतात. आत बारीक चुरचुर ऐकू येते. तेही नको. तिसऱ्यातला रस अजून पातळ, जवळजवळ पाण्यासारखा. आजी करंगळी बुडवून चाखते. मान हलवते. ग्लासाचे दहा रुपये. डब्यात चार ग्लास बसतात. मीही त्याच मडक्यातला एक घेतो. शहाळ्याची आठवण येते, पण गोडी जास्त, आणि मागून झाडाचा हिरवा वास.

९.०० ऊन अंगणात आलं. रसात ताजेपणी साधारण दहा-बारा टक्के साखर असते. कुणी विरजण लावत नाही. हवेतलं आणि मडक्याच्या बारीक छिद्रांतलं यीस्ट आपणहून कामाला लागतं. साखर खातं, तिचं मद्य करतं, बुडबुडे सोडतं. काही तासांत चार-पाच टक्के मद्य तयार होतं. आणखी ठेवली तर शिरका. काकांना टक्के माहीत नाहीत. ते मडकी झावळीच्या सावलीत सरकवतात आणि वर ओलं गोणपाट टाकतात. सकाळी पस्तीस ग्लास गेले. साडेतीनशे रुपये. त्यातले वीस उधार.

११.३० काका खाटेवर. मी त्यांना बोर्डीच्या चिकूच्या वाईनबद्दल सांगतो. आपल्याच तालुक्यातली. नाशिककडे काही द्राक्षं मुद्दाम उशिरा तोडतात, साखर वाढावी म्हणून, आणि त्यांची गोड वाईन करतात. पुष्कळदा गोडी राखायला आंबणं मध्येच थांबवावं लागतं, गार करून, गाळून. मग ती बाटलीत टिकते. काका लक्ष देऊन ऐकतात. "वर्षभर गोड?" "हो." थोडा वेळ गप्प. मग म्हणतात, "आमच्याकडं थांबवायला काय नाय. ज्याला गोड हवी, त्यानं लवकर यायचं."

२.०० हिशेब वहीत नाही, बोटांवर. पाचातले दोन ताड शेजाऱ्याचे, त्याला वाटा. झाडं छेदायला उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, त्याचे पैसे. गेल्या आठवड्यात दोन मडकी फुटली. ताडाला तुरे यायलाच बारा-पंधरा वर्षं जातात. हे ताड काकांच्या आजोबांच्या वेळचे. शेजारच्या मादी झाडांना ताडगोळे धरलेत. ते उन्हाळ्यात डहाणूला जातील. पावसाळ्यात भातशेती.

४.३० पुन्हा चढण. पुन्हा पातळ चकती, पुन्हा मडकं. शेजारच्या घराच्या भिंतीवर पांढऱ्या पिठानं काढलेला ताड आहे. त्यावर चढणारा काडीसारखा माणूस, शेंड्याला टांगलेली मडकी. अशी चित्रं जवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रातला माणूस दोन्ही हातांनी झाड धरतो. काका एका हातानं धरतात. दुसऱ्या हातात कोयता असतो.

६.३० संध्याकाळची गिऱ्हाइकं वेगळी. वीटभट्टीवरून, बांधकामावरून आलेली. त्यांना सकाळची गोड नको, उन्हात चढलेली आंबूसच हवी. सकाळी बाजूला ठेवलेली मडकी आता पुढे येतात. वीस ग्लास, दोनशे रुपये. आजी मघाशी निरोप देऊन गेली. उद्या नातीला दवाखान्यात न्यायचंय, यायला उशीर होईल.

७.३० काकू मडकी धुतात. काका अंधारात दोर तपासतात, गाठ ओढून बघतात. मग काकूंना सांगतात, "आजीची वेगळी काढून ठेव. पाण्याच्या हंड्यात, सावलीला." वर तिसऱ्या झाडाचं मडकं आता थेंब धरायला लागलं असेल.