शिक्षा, बक्षीस आणि सेरोटोनिन

भंडारा जिल्ह्यातील आंबागडच्या पायथ्याशी चैत्रातल्या पहाटे मोहफुले वेचणारा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. एका झाडाखाली त्याची टोपली झटकन भरली. दुसऱ्यापाशी मधमाश्या चावल्या. पुढल्या दिवशी पहिल्या झाडाकडे पावले आपोआप वळतात, दुसऱ्याजवळ अडखळतात. वरवर पाहता धडा एकच. वस्तुतः पुढे जाण्यास शिकणे निराळे आणि थांबण्यास शिकणे निराळे.

अपेक्षेहून अधिक लाभ झाला म्हणजे मेंदूतील डोपामिन हे द्रव्य वाढते व लाभाचा मार्ग ठसतो, हे अनेकांच्या कानी आलेले असते. थांबण्याच्या शिक्षणात सेरोटोनिनचा हात आहे, ही वार्ता मात्र फारशी पसरलेली नाही.

हे द्रव्य १९४८ साली अमेरिकेत रक्तातून वेगळे काढण्यात आले. त्याचे मनाशी नाते जुळण्यास आपली सर्पगंधा कारणीभूत झाली. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. १९५२ मध्ये त्या मुळीतून रिसर्पिन मिळाले. आणि हे रिसर्पिन सेरोटोनिनचा साठा रिता करते, असे १९५५ मध्ये आढळले.

शरीर सेरोटोनिन तयार करते ते दूध, डाळी, अंडी यांतील ट्रिप्टोफॅनपासून. मॉली क्रॉकेट व सहकाऱ्यांनी केंब्रिज येथे केलेला व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मोठा मार्मिक आहे. काही माणसांना ट्रिप्टोफॅन वगळलेले पेय देऊन त्यांचे सेरोटोनिन काही तास कमी केले, आणि पैशांच्या लाभहानीचा एक खेळ खेळावयास लावले. दंडाचे भय असले की माणूस बटण दाबताना क्षणभर कचरतो. त्या पेयानंतर हे कचरणे नाहीसे झाले! दंड कशाबद्दल होतो याची समज शाबूत होती, हात आवरण्याची शक्तीही शाबूत होती.

तेव्हा छडी हात आखडावयास शिकवते; गणित कसे सोडवावे हे ती सांगत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली, ती मुलांच्या हिताची गोष्ट झाली.

सेरोटोनिनला सरसकट 'आनंदाचे द्रव्य' म्हणण्याची प्रथाही ढोबळच. जपानातील ओकिनावा येथे मियाझाकी व दोया यांनी उंदरांच्या मेंदूतील सेरोटोनिनच्या पेशी प्रकाशाने उद्दीपित केल्या, तेव्हा ते खाद्यासाठी अधिक वेळ थांबून राहू लागले. पण २०१८ च्या त्यांच्या प्रयोगात एक मौज दिसली. खाद्य मिळण्याची शक्यता चारांत तीन वेळा असताना ही चिकाटी वाढली. शक्यता निम्म्यावर येताच तोच उपाय निष्फळ ठरला.