घरांतील लहान कुत्रें व त्याची रात्रीची सोय

शहरांत तिसऱ्या-चवथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबानें कुत्र्याच्या विधीसाठीं घरांतच शोषक पॅड अंथरला, तर त्याचें कारण सहज कळतें. परंतु जुन्नर-आंबेगांवच्या मळ्यांत, जेथें घराच्या चारी बाजूंस मोकळी जमीन आहे, तेथें या पॅडचें प्रयोजन काय, असें पुष्कळांस वाटेल. त्याचें उत्तर उंसाच्या फडांत आहे.

कुकडी प्रकल्पांतील येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभे इत्यादि धरणांचें पाणी शिवारांत खेळूं लागलें आणि ऊंस वाढला. वर्षभर उभा राहणारा हा फड बिबट्यास जंगलासारखाच आडोसा देतो. मादी तेथेंच विते, आणि तोडणीच्या वेळीं तिचे बछडे मजुरांच्या दृष्टीस पडतात. शेजारच्या अकोले तालुक्यांत बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून केलेला एक अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बिबट्यांच्या भक्ष्यापैकीं वजनानें सुमारें ३९ टक्के वांटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वांटा त्याहून पुष्कळच कमी होता. पांच-सहा किलोंचें पॉमेरेनियन त्याला किती पुरणार! आणि रात्रीं साखळी धरून अंगणांत उभें राहिलेलें मूल त्या कुत्र्याइतकेंच धोक्यांत असतें. म्हणून दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत कुत्रें दाराआड असावें. पण दोन महिन्यांचें पिल्लूं फार तर दोन-तीन तास लघवी धरूं शकतें. त्याची सोय आंतच करणें प्राप्त आहे.

जागा प्रथम ठरवावी व मग ती बदलूं नये. देवघर व स्वयंपाकघर यांपासून दूर, न्हाणीघराजवळचा किंवा बंद पडवीचा कोंपरा उत्तम. बंद म्हणजे दार व मजबूत जाळी असलेली. उघड्या पडवींतून कुत्रें उचलून नेणें बिबट्यास मुळींच अवघड नाहीं. पिल्लूं झोंपून उठलें, जेवलें, किंवा खेळून थांबलें, कीं त्याला पॅडवर नेऊन ठेवावें. जमीन हुंगत गोल फिरूं लागलें तर वेळ आली असें समजावें. प्रत्येक वेळीं एकच ठराविक शब्द उच्चारावा, आणि काम आटोपतांच, त्याच क्षणीं, शाबासकी देऊन भाकरीचा कुटका पुढें धरावा. पांच मिनिटांनीं दिलेली शाबासकी कशाबद्दल होती हें त्याला कळत नाहीं; पांच मिनिटांनीं दिलेला मारहि तसाच. त्याचें नाक घाणींत घासण्याची जी पद्धत आपल्याकडे चालते, ती आम्हांस सर्वथैव त्याज्य वाटते. तिनें कुत्रें इतकेंच शिकतें कीं, माणसांदेखत हा विधि करणें बरें नव्हे. मग तें कपाटामागें जातें.

सात-आठ आठवड्यांच्या वयांत पायांखालीं जो स्पर्श होतो, त्याचीच सवय पुढें जडते. गोणपाटावर वाढलेल्या पिल्लासाठीं आरंभीं पॅडवर गोणपाटाचा तुकडा घालावा. मातीला सरावलेल्या मोठ्या कुत्र्यासाठीं मूठभर माती. पॅडचा मऊपणा हीच एक अडचणहि आहे, कारण पॅड व गोधडी यांतला भेद कुत्र्याला कळावा कसा? सवय पक्की होईपर्यंत गोधड्या व सतरंज्या उचलून ठेवाव्या.

सारवलेल्या जमिनींत लघवी मुरते आणि वासानें कुत्रें पुन्हां तेथेंच येतें. तेवढा पोपडा काढून नव्यानें सारवावें. फरशी साबणानें धुवून वर व्हिनेगरचें पाणी फिरवावें. अमोनियाचा वास लघवीसारखाच, म्हणून तो नको. फिनेल चाटण्यांत आल्यास अपायकारक.

एकत्र कुटुंबांत खरी अडचण कुत्र्याची नसून माणसांची असते. आजोबांचा शब्द एक, काकांचा दुसरा, मुलांचा तिसरा; बिचाऱ्या पिल्लानें ऐकावें कोणाचें? आणि पॅड उचलण्याचें काम कोणी न ठरवतां धाकट्या सुनेकडे येतें. ज्यानें हौसेनें कुत्रें आणलें, त्यानेंच निदान सकाळचा पॅड उचलावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. वडील मंडळींचा सोंवळ्याचा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. लेप्टोस्पायरोसिससारखा रोग कुत्र्याच्या लघवींतून माणसांस होऊं शकतो. तेव्हां ठराविक कोंपरा, वेळच्या वेळीं बदललेला पॅड व साबणानें धुतलेले हात हें शास्त्रासहि मान्य असलेलें सोंवळेंच आहे.

पॅड हा फिरण्यास पर्याय नव्हे. उजाडून शिवारांत माणसांचा वावर सुरू झाला, कीं कुत्र्यास साखळीनें बाहेर न्यावें.

राहतां राहिला वापरलेला पॅड. त्याच्या तळाशीं प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो शेणखताबरोबर शेतांत जातो, गुरांच्या पोटांतहि जातो. जाळल्यास विषारी धूर होतो. जेथें घंटागाडी येत नाहीं तेथें धुवून वापरण्याचे दोन-तीन कापडी पॅड बाळगावे, किंवा पत्र्याच्या ट्रेमध्यें रद्दीचे चार-पांच पदर घालावे. घराजवळच्या उकिरड्यावर तर कांहींच टाकूं नये, उष्टें-खरकटेंहि नव्हे: तेथें भटकीं कुत्रीं जमतात, आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो.