जुन्या जपानी मोटरसायकली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात जपानी तंत्राच्या मोटरसायकलींचे युग १९८० च्या दशकात सुरू झाले. यामाहाच्या आरडी ३५० वर आधारलेली राजदूत ३५० एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये बाजारात आणली. पुढच्या तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि बजाजची कावासाकी केबी १०० याही आल्या. यांपैकी १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या आरएक्स १०० ला आणि तिच्या खालोखाल राजदूत ३५० ला आज जुन्या बाजारात मोठी मागणी आहे. दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक आहेत आणि दोघींबद्दल ऐकीव माहितीच जास्त फिरते.

पहिला गैरसमज म्हणजे या गाड्या कायद्याने ‘व्हिंटेज’ आहेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्या हिशेबाने सर्वांत पहिल्या आरएक्स १०० लाही हा दर्जा २०३५ च्या आधी मिळणार नाही. शिवाय तो मिळाला तर सोय कमीच होते. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला ती चालत नाही.

याच्या उलट टोकाचा समज असा की पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात काढावीच लागते. पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरील बंदीचा आदेश दिल्ली आणि परिसरापुरता होता. महाराष्ट्रात खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग आरटीओत तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते.

‘गाडी चांगली आहे, कागद नंतर करून घेऊ’ हा सल्ला मात्र खरोखर महागात पडतो. रंग, क्रोम, सीट, अगदी इंजिनही नव्याने उभे करता येते. चेसिस नंबर तसा करता येत नाही. तो हँडलखालच्या मानेच्या नळीवर ठोकलेला असतो. तिथला रंग आणि मळ पुसून अंक आरसी बुकाशी एकेक करून ताडून पाहावेत. अंकांभोवती ग्राइंडरचे ओरखडे, वेल्डिंगचा उंचवटा किंवा एखादा अंक इतरांपेक्षा तिरका दिसला, तर भाव कितीही उतरला तरी व्यवहार करू नये. इंजिन नंबरचीही अशीच खात्री हवी, कारण आरएक्स १०० च्या चेसिसवर आरएक्स १३५ चे इंजिन चढवलेल्या गाड्या सर्रास आढळतात. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर नसेल, तर नोंदणी वाढवताना गाडी अडते.

‘जपान इंजिन’ म्हणून हजारो रुपये जास्त मागितले जातात. सुरुवातीच्या काळात आरएक्स १०० चे सुटे भाग जपानहून येत आणि जोडणी इथे होई, हे खरे आहे. पण तीस-पस्तीस वर्षे चाललेल्या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि सील कधीच बदललेले असतात. विचारायचा प्रश्न आहे तो बोअरचा. आरएक्स १०० च्या सिलिंडरचा मूळ व्यास ५० मिलिमीटर. दर बोअरिंगला तो पाव-अर्धा मिलिमीटरने वाढतो आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालावा लागतो. दोन-तीन बोअर झालेल्या सिलिंडरचे आयुष्य थोडेच उरते, मग त्यावर शिक्का कुठल्याही देशाचा असो. राजदूत ३५० च्या बाबतीतही जपानी आरडीशी बरोबरी केली जाते. १९७३ ची जपानी आरडी ३५० ३९ अश्वशक्तीची आणि पुढे डिस्क ब्रेक असलेली होती. भारतीय गाडीत हाय टॉर्क रूपात ती ३०.५ वर आणि लो टॉर्कमध्ये २७ वर आली. पुढच्या डिस्कची जागा ड्रम ब्रेकने घेतली.

देखभालीतला सर्वांत खोल रुजलेला गैरसमज ऑईलचा आहे: टू-टी जास्त टाकले की इंजिन सुरक्षित. कार्ब्युरेटरच्या जेटमधून ठरावीक इतकेच द्रव जाते. त्यात ऑईलचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो, हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि इंजिन उलट जास्त तापते. न जळलेले ऑईल प्लगवर, रिंगांच्या खाचांत आणि सायलेन्सरमध्ये काजळी होऊन बसते. लिटरला २० ते ४० मिलिलिटर या टप्प्यात, मॅन्युअलमध्ये दिले असेल तेच प्रमाण पाळावे. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑईल इथे वापरू नये. ते जळण्यासाठी बनवलेलेच नसते.

घाट उतरताना ऑईलच्या पुरवठ्याकडे दुर्लक्ष होते. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते. खंबाटकी किंवा आंबोलीसारख्या लांब उतारावर गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला, तर इंजिन जोरात फिरत राहते आणि पिस्टनला ऑईल जवळपास मिळत नाही. अधूनमधून थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की सीझ होण्याचा धोका टळतो.

धूर दिसला म्हणजे इंजिन गेले, असेही नाही. थंड इंजिनाचा निळसर धूर स्वाभाविक आहे. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि गियर ऑईल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँक सील फाटलेले असते. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर धूर वाढत नाही, पण बाहेरची हवा आत शिरते: अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही इंजिनाचा आवाज लवकर खाली येत नाही. ही खूण अधिक घातक, कारण अशा इंजिनाचा पिस्टन बघता बघता भाजतो. सील स्वस्त असते, पण ते बदलताना मेकॅनिकने वेळ द्यायला हवा.

सायलेन्सरची आतली नळी काढल्याने पिकअप वाढते, हाही समज चुकीचा. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण दाबाच्या लाटेने सिलिंडरमध्ये परत ढकलतो. नळी काढली की आवाज वाढतो, मधल्या गतीची ताकद जाते आणि दंडही होतो.

गाडी चालवली नाही म्हणजे ती जपली गेली, असे अनेक मालक मानतात. उभ्या गाडीची सील कडक होतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा धरते, त्यामुळे टाकी आतून गंजते आणि कार्ब्युरेटरची जेट बुजतात. इथेनॉल विचारात न घेता बनवलेले जुने रबरी भागही त्यात फुगतात किंवा चिरतात. महिनोन्‌महिने गाडी ठेवायचीच असेल तर पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, टाकी रिकामी करून आत टू-टी ऑईल फिरवावे, आणि प्लग काढून त्या छिद्रातून थोडे ऑईल सोडून किक हाताने सावकाश दोन-चारदा फिरवावी.