पायाने उचला, कंबर वाचवा



ऊस आपण घाटावर पिकवतो, पण परदेशी जाणाऱ्या साखरेची वाट समुद्राकडेच असते. ती वाट बघावी म्हणून आम्ही काही सभासद उरणकडे गेलो होतो. जुना कुलाबा जिल्हा तो हाच. १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर याच तालुक्यात. तिथल्या अजस्त्र क्रेन लांबूनच बघितल्या आणि तोंडात बोट घातले. पण खरे शिकण्यासारखे सापडले ते करंज्याच्या कोळीवाड्याकडे, एका लहानशा शेडमध्ये.

मच्छीमार होडीचे डिझेल इंजिन दुरुस्तीला आले होते. आमच्याकडे असले धूड उचलायचे म्हणजे चार गडी, एक वासा आणि ‘हां, उचल रे!’ इथे एकटा मिस्त्री उभा. इंजिन एका बुटक्या लोखंडी टेबलावर, आणि मिस्त्री शिलाई मशीन चालवावे तसा पायाने पायटा दाबतोय. दर दाबाला टेबल बोटभरसुद्धा चढत नव्हते, पण चढत होते खरे. बघता बघता इंजिन कमरेच्या उंचीला आले.

“यात विजेचे काही नाही?” आमच्यातल्या एकाने विचारले.

“वीज कसली? तेल आणि पाय!” मिस्त्री हसून म्हणाला.

आता यातली गंमत समजून घेऊ. पायटा दाबला की त्याच्या तरफेने एक बारीक दट्ट्या आत सरकतो आणि तेलावर दाब देतो. बंद जागेतल्या तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हा पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सतराव्या शतकातला नियम. तेच तेल मोठ्या सिलेंडरात गेले की तिथल्या रुंद दट्ट्याला प्रत्येक चौरस इंचावर तोच दाब मिळतो. जागा जास्त, म्हणून जोरही जास्त. याच नियमावर इंग्लंडच्या ब्रामाने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले.

हिशेब उदाहरणादाखल घ्या. पायाचा जोर २५ किलो. तरफ पाचपट करते, झाले १२५. मोठ्या दट्ट्याचा व्यास लहानाच्या चौपट असला तर क्षेत्रफळ सोळापट, म्हणजे २००० किलो! पण टेबलाखाली कात्रीसारखे पाय असतात. कात्री मिटलेली असताना सिलेंडरला मालाच्या वजनाच्या सुमारे तिप्पट रेटावे लागते असे धरू. घर्षणात थोडे जाते. तरी ५०० किलोचा माल उचलायला हरकत नाही.

मात्र फुकट काही मिळत नाही. पाय २० सेंटिमीटर खाली गेला तर टेबल जेमतेम पाऊण सेंटिमीटर वर येते. जोर वाचला, तर फेऱ्या वाढल्या.

मग पाय उचलल्यावर टेबल खाली का येत नाही? आत दोन गोळीचे व्हॉल्व्ह असतात. पायटा स्प्रिंगने वर आला की पहिला उघडून टाकीतले तेल ओढून घेतो. दाबला की दुसरा उघडून ते सिलेंडरात जाते, आणि परत यायची वाट बंद. आपल्या हातपंपाचीच रीत! उतरवायचे झाले की हाताच्या दांड्याने तिसरा व्हॉल्व्ह हळू सोडायचा. मालाच्या वजनानेच तेल टाकीत परत जाते.

हे आपल्याला नवे नाही. ट्रॅक्टरची मागची लिफ्ट याच तत्त्वावर चालते. कारखान्यात गाळपाच्या मिलचा वरचा रोलरही तेलाच्याच दाबाने दाबलेला असतो. उसाचा थर जाड आला की तो थोडा वर उचलला जातो, पण दाब सोडत नाही.

हे सगळे लिहायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवर विहिरीवरचे इंजिन चौघांनी उचलले. एकाचा पाय चिखलात घसरला. इंजिन वाचले, पण माझ्या चुलतभावाच्या बोटाचे पेर गेले, आणि माझी कंबर त्या दिवसापासून पावसाळा आला की बोलते. तेव्हा ‘माणसे आहेत की उचलायला’ म्हणणाऱ्यांत मीही होतो.

पण टेबल आले म्हणजे धोका गेला असे समजू नका. मिस्त्रीने बजावून सांगितलेले असे:

१. टेबलावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल ठेवू नये. माल मधोमध असावा.

२. उचलण्याआधी चाकांचा ब्रेक लावावा. माल वर असताना टेबल ढकलत नेऊ नये.

३. कात्रीत हात-पाय घालू नये. खाली काम करायचेच झाले तर माल उतरवून आधी भक्कम टेकू द्यावा. नुसत्या तेलाच्या भरवशावर राहू नये.

४. माणसाला वर चढवू नये, पोरांना तर मुळीच नाही.

५. टेबल आपोआप खाली बसत असेल तर व्हॉल्व्हखाली कचरा अडकला आहे किंवा सील फाटले आहे. दुरुस्त होईपर्यंत वापर बंद.

६. हायड्रॉलिकचेच स्वच्छ तेल भरावे. इंजिनचे जळके तेल घालून चार पैसे वाचवाल आणि सील घालवाल.

एकट्याला असे टेबल घेणे जड जाईल. पण दहा-बारा सभासदांनी मिळून वस्तीत एक ठेवले तर? भार वाटून घ्यायचा ही तर सहकाराचीच शिकवण. पुढच्या गटसभेत विषय काढू या. बोट गेल्यावर सुचलेले शहाणपण दुसऱ्याला तरी आधी सुचावे, एवढीच विनंती.

— एक सभासद