पत्रकावरचे नाव आणि पैशामागचे नाव

निवडणुकीच्या पत्रकाच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापलेली असतात, तेव्हा त्या प्रचाराचा पैसा कोणाचा हे मतदारापुढे उघडच असते, असे प्रत्येक निवडणुकीत ठामपणे सांगितले जाते, आणि ते प्रत्येक वेळी तितकेच चुकीचे असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२७ क नुसार ही नावे व पत्ते छापणे बंधनकारक आहे. प्रकाशकाने स्वतःच्या ओळखीबाबतचे, दोन परिचितांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र मुद्रकाला द्यायचे आणि मुद्रकाने त्याची प्रत छापील पत्रकासह जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची, अशी ही तरतूद असून तिच्या भंगासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या संपूर्ण कलमात देणगीदाराचा उल्लेखच नाही. प्रकाशक म्हणजे छापील मजकुराची जबाबदारी घेणारा. त्याच्या हाती पैसा कोठून आला, हे कायदा येथे विचारत नाही.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव वराहदेव याचे नाव दाता म्हणून कोरलेले आहे, मात्र ते लेणे खोदणारे हात अनामिक राहिले. आजच्या पत्रकावर छापणाऱ्याचे नाव असते आणि दाता अनामिक राहतो.

पैशाचा माग काढणे किती अवघड असते, हे मराठवाड्यानेच पाहिले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघातून निवडून आलेले तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी केवळ ५,३७९ रुपये दाखवलेले होते, तर त्यांची स्तुती करणारा मजकूर अनेक वृत्तपत्रांतून पानेच्या पाने प्रसिद्ध झाला होता. 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेली जाहिरात, असा आरोप झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हिशेबाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार मे २०१४ मध्ये मान्य झाला. आयोगाने त्यानंतर चव्हाण यांच्याविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केला, त्यामुळे त्यांना दोषी म्हणणे चूक ठरेल. परंतु एका हिशेबावरचा वाद पाच वर्षे चालतो, तेथे पत्रकावरच्या एका ओळीने सारे उघड होते असे म्हणणे हा मतदारावर अन्यायच आहे.

माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समितीकडून दूरचित्रवाणीवरील जाहिरातीचे पूर्वप्रमाणन होते म्हणजे पैसाही तपासला जातो, हा समज खरा नाही; अर्जात खर्चाचा आकडा द्यावा लागतो, देणगीदाराचे नाव नव्हे. समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातीसोबत खर्च करणाऱ्याचे नाव दिसते, पण त्या नावाच्या संस्थेला निधी कोणी पुरवला हे दिसत नाही. विधानसभेच्या उमेदवाराच्या ४० लाख रुपयांच्या खर्चमर्यादेत पक्षही बांधलेला असतो, हेही खोटे, कारण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारी निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवल्यावर सर्व देणगीदार उघड झाले, हा समज सर्वांत नवा आहे. तो निकाल मोलाचा होता, परंतु माहिती बाहेर आली ती १२ एप्रिल २०१९ नंतरच्या रोख्यांची. २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदारांची नावे पक्षांनी आयोगाला कळवण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम २९ ग नुसार आजही नाही, आणि त्याहून मोठ्या देणग्यांचा अहवाल आर्थिक वर्ष संपल्यावर सादर होतो. म्हणून २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान करणाऱ्या महाराष्ट्राच्या मतदाराला त्या प्रचाराच्या काळात आलेल्या देणग्यांचा अहवाल मार्च २०२५ पूर्वी मिळणे शक्यच नव्हते.