शिष्यवृत्तीची परीक्षा आणि घरची माणसे



शेतकी खात्याच्या या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणे आणि खते यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. ऊसनोंदीच्या व तोडीच्या कामासाठी आम्ही वाडीवस्तीवर फिरतो. ऐन हंगामात ओसरीवर पोर पुस्तक घेऊन बसलेले दिसते आणि घरातले कोणी तरी हटकून म्हणते, "साहेब, याला जरा दम द्या. शिष्यवृत्तीला बसवलाय, पण डोक्यात काही शिरत नाही बघा." हे सारे त्या पोराच्या समोरच चालते. अभ्यास कमी-जास्त होईल, पण परीक्षेची धास्ती एकदा मनात बसली की ती दहावी-बारावीपर्यंत निघत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

परीक्षा आहे तरी कशी?

पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. पूर्वी ती चौथी व सातवीला होती. २०१७ साली ती पाचवी व आठवीला गेली आणि २०२५ साली शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचे ठरवले. तेव्हा आपले पोर केव्हा बसणार, हे आधी गुरुजींना विचारून घ्यावे.

पेपर दोन असतात. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण आणि वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. उत्तर लिहायचे नसते, दिलेल्या पर्यायांतून निवडून गोल रंगवायचा असतो, आणि तपासणी यंत्रावर होते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

आता पोराच्या बाजूने बघा. शाळा परगावची, पर्यवेक्षक अनोळखी, उत्तरपत्रिका निराळी आणि घड्याळ पुढे पळतेय. वर्गात हुशार असलेले पोरही तिथे गांगरते. निम्मी भीती ही अशी नवखेपणाची असते. ती सरावाने जाते. उरलेली निम्मी आपण घरची माणसे घालतो.

माती परीक्षणाचे उदाहरण

आपण रानातली माती तपासायला देतो. अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश यांचे आकडे येतात. कर्ब कमी आला म्हणून कोणी जमिनीला शिव्या देतो का? आपण शेणखत घालतो, ताग गाडतो. शेजारच्या रानाचा अहवाल आणून आपल्या रानाला वाचूनही दाखवत नाही. पोराच्या गुणपत्रिकेकडे याच नजरेने बघावे. कुठे काय कमी आहे, एवढेच ती सांगते.

शिवाय प्रत्येकाची पक्वता वेगळी. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तोडीला येतो, सुरू बारा महिन्यांत येतो. बाराव्या महिन्यात आडसालीचा ब्रिक्स कमी लागला म्हणून ऊस वाईट, असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. मग दहा वर्षांच्या पोराला 'ढ' ठरवण्याची घाई कशाला?

घरी काय करावे?

१) आठवड्यातून एकदा जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला द्यावी. तो दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवावा. वेळेची ओळख झाली की घाबरगुंडी कमी होते.

२) आधी येणारे प्रश्न सोडवावेत, अडलेल्यावर खूण करून पुढे जावे आणि दुसऱ्या फेरीत परत यावे. गुण कापत नसल्याने शेवटी एकही प्रश्न कोरा सोडू नये.

३) गोल रंगवण्याचाही सराव हवा. एक ओळ खाली सरकली तर पुढची बरोबर उत्तरेही चूक ठरतात. दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून बघण्याची सवय लावावी.

४) चुकांची एक वही करावी. प्रश्न येत नव्हता, घाईत चुकला, की नीट वाचलाच नाही? तिन्ही चुकांवरचा उपाय वेगळा. न येणारे गुरुजींकडून समजून घ्यावे, बाकीचे सरावाने सुटते.

५) "किती पडले?" असे विचारण्याऐवजी "कुठं अडलं?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला पोर आकडा सांगून गप्प होते. दुसऱ्याला वही काढून दाखवते.

६) झोप मोडू नये. पाण्याची पाळी रात्रीची असली तरी परीक्षेच्या आठवड्यात पोराला बॅटरी धरायला रानात नेऊ नये. मुलगी परीक्षेला बसली असेल तर भांडीकुंडी आणि धाकटी भावंडे तेवढे दिवस दुसऱ्या कोणी बघावीत. हे लिहावे लागते, कारण बऱ्याच घरांत मुलाला खोली मिळते आणि मुलीला चूल.

७) केंद्र आदल्या दिवशी बघून यावे. प्रवेशपत्र व दोन बॉलपेन रात्रीच दप्तरात ठेवावीत. सकाळी रोजचेच जेवण द्यावे. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत पहिल्या पेपराची उत्तरे ताडत बसू नये. पाणी पाजावे, चार घास खाऊ घालावेत आणि पाठीवर हात ठेवावा.

निकाल लागल्यावर

प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी पात्र ठरतो. परंतु शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असते व त्या गुणवत्ता यादीप्रमाणे दिल्या जातात. म्हणजे पात्र होऊनही अनेकांना शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. या निकालाने पुढच्या वर्गात जाणेही अडत नाही. यादीत नाव आले तर पेढे जरूर वाटावेत. नाही आले तरी त्या दिवशी पोराला सोबत घेऊन जेवावे आणि पारावर त्याच्या गुणांची चर्चा करू नये.

गावोगावी गुणवंतांचे सत्कार होतात, फलक लागतात. ते व्हावेतच. पण त्याच कार्यक्रमात परीक्षेला बसलेल्या सगळ्याच मुलामुलींना एक वही, एक पेन देऊन बोलावले तर फार खर्च येणार नाही. गटातल्या सभासदांनी आपल्या शाळेत हा विषय जरूर काढावा.

जुन्या प्रश्नपत्रिका गावच्या शाळेत गुरुजींकडे मिळू शकतील. हंगामाची धावपळ आम्हालाही ठाऊक आहे. तरी रविवारचा दीड तास पोरासाठी राखून ठेवावा, ही सर्व पालकांना नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते